मोझेलकाठचे तीन गड आणि १६८९ साल

जर्मनीत कोब्लेंट्सला मुक्काम ठेवला की मोझेल नदीच्या खोऱ्यातले तीन गड एका दिवसात होतात. आम्ही धरलेला क्रम असा: सकाळी एल्ट्स, दुपारी कोखेम, संध्याकाळी बाइलश्टाइन. हा क्रम उलटा करू नका. एल्ट्सला सर्वात जास्त चालावं लागतं, आणि गड १ एप्रिलपासून नोव्हेंबर लागेपर्यंतच, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच एवढा वेळ उघडा असतो.

आधी तिकिटाचं बघू. चार-पाच जण असाल तर राइनलांड-फाल्झ तिकीट (या राज्याचं एका दिवसाचं तिकीट) सर्वात स्वस्त पडतं. पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालतं, प्रादेशिक गाड्या आणि बस दोन्हींत. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही आणि नवखे लोक नेमके इथेच फसतात. शनिवार-रविवारी ही अट नसते, पण तेव्हा गडावर गर्दी असते. डॉइचलांड-टिकिट (देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास) असेल तर कामाच्या दिवशी लवकर निघा, आम्हाला तेच बरं वाटतं.

कोब्लेंट्सहून ट्रियरकडे जाणारी, सगळीकडे थांबणारी आर-बी गाडी पकडून मोझेलकेर्नला उतरायचं. जलद आर-ई तिथे थांबत नाही. स्टेशनपासून गड सुमारे पाच किलोमीटर, म्हणजे सव्वा ते दीड तास. पहिला निम्मा रस्ता गावातून रिंगेलश्टाइनर म्यूले या जुन्या गिरणीपर्यंत डांबरी आहे. पुढे एल्ट्सबाख ओढ्याच्या कडेनं रानातली पायवाट लागते. पाऊस झाला असेल तर इथल्या झाडांच्या मुळांवरून पाय सटकतो, तेव्हा तळ चांगला असलेले बूट हवेत. मोटारीनं येणाऱ्यांनी वीरशेम गावाचा पत्ता लावावा. तिथल्या वाहनतळापासून गड पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि ज्यांना पायी जमत नसेल त्यांच्यासाठी छोटी बस आहे.

वळण संपतं आणि सत्तर मीटर उंच खडकावर, तीन बाजूंनी ओढ्यानं वेढलेला गड एकदम समोर येतो. आपल्या डोळ्यांना सवय तटबंदीच्या, मोकळ्या माचीच्या गडांची. एल्ट्स तसा नाही, तो उभा रचलेला वाडा आहे. आणि तो वाटणीचा वाडा आहे! ११५७ च्या एका दानपत्रात एल्ट्स घराण्याचं नाव प्रथम येतं. पुढे भावाभावांत वाटण्या होऊन र्‍यूबेनाख, रोडेनडॉर्फ आणि केम्पेनिख अशा तीन शाखा एकाच अंगणाभोवती आपापली घरं चढवत गेल्या. ऐंशीहून जास्त खोल्या, त्यांतल्या चाळीसेक शेकोटीच्या, आणि भिंतीतच काढलेले वीसेक संडास.

ही भाऊबंदकी नांदली कशी, ते सामाईक दरबारी दालनात दिसतं. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत: इथे कुणीही मोकळेपणानं बोलावं. दारावर कोरलेला गुलाब आहे: बोललेलं याच खोलीत राहावं. सगळी सफर पाऊण तासाच्या आत आटपते, पण या दाराखाली थांबून मान वर करून बघाच. आत फोटो काढू देत नाहीत. खजिन्याचं दालन त्याच तिकिटात आहे, ते आपलं आपण बघायचं.

मोझेलकेर्नहून कोखेम आगगाडीनं पंधरा-वीस मिनिटं. इथला राइख्सबुर्ग गड लांबून फार देखणा आहे, पण १६८९ साली चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजेनं तो उडवला होता. १८६८ मध्ये लुई राव्हने या बर्लिनच्या व्यापाऱ्यानं अवशेष विकत घेऊन तो नव्यानं बांधला, म्हणजे आतली सजावट एकोणिसाव्या शतकातली. वेळ कमी असेल तर आत जाऊ नका. चढून अंगणापर्यंत जा, बुरुजावरचं संत ख्रिस्तोफरचं भलंमोठं मोझेक बघा आणि उतरा.

बाइलश्टाइनचा मेटर्निख गडही त्याच साली पडला आणि पुन्हा बांधला गेलाच नाही. एल्ट्स मात्र वाचला, कारण एल्ट्स घराण्यातला हान्स आन्टोन फ्रेंच सैन्यात वरच्या हुद्द्यावर होता. तिन्ही गड एका दिवसात बघण्याचं खरं कारण हेच. एकाच युद्धात एक वाचलेला, एक पडून उठलेला, एक पडलेलाच.

कोखेमहून बाइलश्टाइनला बोटीनं जा. तासभर लागतो, पण वाटेत फांकेलच्या जलपाशात (दोन दारांमधल्या पाण्याच्या हौदात) बोट पाण्यासकट वर उचलली जाते ते बघायला मिळतं. दोन्ही काठांना स्लेटच्या काळ्या चढांवर रीसलिंगच्या द्राक्षबागा आहेत. हा पाटीचा दगड दिवसभर ऊन धरतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. चढ इतके उभे की माल आणि माणसं वाहायला दातेरी रुळावरची छोटी गाडी लावलेली असते.

खायच्या वेळा सांभाळा. दुपारी दोनच्या सुमाराला बरीच स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात. शाकाहारी असाल तर फ्लामकूखन (पिझ्झासारखी पातळ भाजलेली पोळी) मागवताना 'ओने श्पेक' म्हणा, नाहीतर डुकराचे तुकडे घातलेलाच येतो. शरद ऋतूत फेडरवायसर ही अर्धवट आंबलेली वाइन मिळते. तिची बाटली घट्ट बंद करत नाहीत, आतला वायू कोंडला तर ती फुटू शकते. तेव्हा ती पिशवीत आडवी ठेवलीत की सगळे कपडे भिजणार.

परतीची बस बाइलश्टाइनहून कोखेमला जाते. शेवटची बस लवकर सुटते, रविवारी तर फेऱ्याही कमी असतात. म्हणून गावात पाय ठेवल्या ठेवल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून घ्या आणि मगच गडाकडे चढा.