डॅशबोर्डवर फक्त 'आयडल'

"अरे, रात्री माझा कॉम्प्युटर कोणी बंद केला?" सकाळी सव्वानऊला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. आवाज रडवेला.

बंद माझ्या नियमाने झाला होता. अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालणारे, लॅपटॉपवरून वापरायचे कॉम्प्युटर) सांभाळायला आम्ही बाहेरचं एक सॉफ्टवेअर वापरतो. डिस्कनेक्ट होऊन २ तास झाले की लॉगऑफ, मग मशीन डीअ‍ॅलोकेट. म्हणजे ते क्लाउडला परत. नुसतं आतून विंडोज शटडाऊन केलं तर बिलाचं मीटर चालूच राहतं, म्हणून हा खटाटोप.

मॅडमनी लॅपटॉप मिटला, तेव्हा एक्सेल उघडंच होतं. जीएसटीची अर्धी जुळवणी, सेव्ह न केलेली. डॅशबोर्डवर त्या सेशनपुढे एकच शब्द: आयडल, म्हणजे निष्क्रिय.

किती पैसे वाचले याचा आलेख मी दर महिन्याला साहेबांना दाखवतो. कोणाचं काम गेलं, याचा रकाना त्यात नाही.

लॉगऑफआधीची सूचना आज चालू केली. पण लॅपटॉप मिटून घरी गेलेल्या माणसाला ती दिसणार कशी?