सम्पची नोंद: लाइट गेल्यावर खाली किती पाणी येतं?

माशांची टाकी चार फुटी, गोड्या पाण्याची, आतून 120 बाय 44 सेंमी. खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळणारी छोटी टाकी, आतून 74 बाय 34, उंची 40 सेंमी. मुक्काम रत्नागिरी जिल्ह्यातला किनारा, त्यामुळे मृगाचा वारा सुटला की लाइट जाणार हे धरूनच चालायचं. या टप्प्यात रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपाचं, तोंड वर घेतलं, सम्पच्या काचेवर रेघ मारली आणि पंप उशिराने सुरू होईल अशी सोय केली.

पंप थांबला की पाणी दोन वाटांनी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी खाली सोडणाऱ्या खोक्याच्या, दातेरी कंगव्यावर चढलेलं सेंटीमीटरभर पाणी उतरतं आणि ती वाट तिथेच संपते. धोका दुसऱ्या वाटेचा. रिटर्नचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडून हवा ओढेपर्यंत टाकी उपसत राहतो.

हिशेब सरळ आहे. वरच्या टाकीचा दर सेंटीमीटर 5.28 लिटरचा, सम्पचा अडीच लिटरचा. मूळ मांडणीत तोंड 6 सेंमी खोल होतं, म्हणजे जवळपास 32 लिटर. पाइपातले आणि ओव्हरफ्लोच्या खोक्यातले 4 धरून 36. तेवढ्याने सम्प 14 सेंमीहून जास्त चढतो. चालू स्थितीत त्यात 25 सेंमी पाणी असतं, वर मोकळे 15. काठाला सेंटीमीटरही उरत नाही. (रिटर्नच्या, म्हणजे पंप असलेल्या, कप्प्यातली पातळी सम्पच्या इतर कप्प्यांपेक्षा खाली असते, तेवढी जागा मुद्दाम हिशेबात घेतलेली नाही.)

आता 45 अंशाचा एल्बो (वाकडा जोड) लावून तोंड पाण्याखाली फक्त दीड सेंमी ठेवलंय. खाली येणारं पाणी 12 लिटर, सम्प चढतो 5 सेंमीच्या आत. पृष्ठभाग जास्त हलतो, थोडा आवाज वाढतो, पण मे महिन्याच्या उकाड्यात माशांना ती हालचाल हवीच असते.

सायफन तोडायला पाइपाला पाण्याच्या पातळीलगत 6 मिमीचं भोकही पाडलंय, पण भिस्त त्यावर नाही. शेवाळ धरतं, एखादी गोगलगाय नेमकी तिथे बसते आणि भोक बुजतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेचं) तेच: झडपेत कचऱ्याचा एक कण अडकला तरी पाणी झिरपत राहतं, आणि रात्रभरात झिरपणंही पुरेसं होतं. दोन्ही लावा, पण ती दोन्ही निकामी आहेत असं धरूनच सम्पमध्ये जागा ठेवा.

चाचणी घेताना भोक टेपने बंद करा, सम्प रोजच्यापेक्षा जास्त भरा, पण काठोकाठ नव्हे, मग पंपाचा स्विच बंद करा. ठिबकणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. पाणी काठापासून किमान 5 सेंमी खाली राहिलं, तर बंद करण्याआधी रिटर्नच्या कप्प्यात जिथे पाणी होतं तिथे परमनंट मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर पाणी कधीच भरायचं नाही.

ही रेघ कोकणात पावसाळ्यात खरी उपयोगी पडते. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने रिटर्नचा कप्पा भराभर उतरतो आणि पाणी घालायची सवय हाताला लागते. जूननंतर हवाच ओली, पाणी उडत नाही, पण सवय सुटत नाही. दहा लिटरची एक बादली जास्त पडली तर आधी रिटर्नचा कप्पा भरतो, मग अख्खा सम्प अडीच सेंमी चढतो. आणि नेमक्या याच महिन्यांत लाइट जास्त जाते.

उलट बाजूही तपासायला हवी. लाइट आल्यावर ड्रेनमध्ये, म्हणजे ओव्हरफ्लोतून सम्पकडे उतरणाऱ्या पाइपात, पान अडकलेलं असेल तर पंप वरची टाकी सांडवेल. रिटर्नचा कप्पा 20 बाय 34 सेंमी. पंप हवा ओढू लागेपर्यंत त्यातून साडेनऊ लिटर वर जातात, म्हणजे वरची पातळी 1.8 सेंमी चढते. वर 3 सेंमी कोरी काच आहे, तेव्हा सांडत नाही. ड्रेनला बोळा लावून हे पाहून घ्या. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) असेल तर त्याचा डबा 6 लिटरच्या आतला ठेवा आणि नळीचं टोक सम्पच्या सर्वात वरच्या पातळीच्याही वर बांधा, नाहीतर तिथेही सायफन लागतो.

लाइट येते-जाते, येते-जाते, तेव्हा पंपाला दर वेळी अर्धवट उतरलेल्या पाण्यात धक्का बसतो. व्होल्टेज कमी असेल तर इम्पेलर (पंपाचं पातं) न फिरता पंप नुसता गुणगुणतो आणि तापतो. फ्रिजसाठी मिळतो तसा तीन मिनिटांनी सप्लाय देणारा स्टॅबिलायझर मध्ये घातला की पाणी स्थिरावल्यावरच पंप सुरू होतो. काही डीसी पंपांचे कंट्रोलर लाइट आल्यावर बंदच राहतात, तेही आधी पाहा. बोर्ड स्टँडच्या तळाशी नको, उंचावर भिंतीला. प्रत्येक तारेला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळ तिथून खाली पडेल. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवीच.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत लाइट अनेक दिवस नव्हती. अशा वेळी प्रश्न सांडण्याचा उरत नाही, प्राणवायूचा होतो. बॅटरीवरचा एअर पंप वरच्या टाकीत, दुसरा सम्पमधल्या गाळणीच्या मीडियाशेजारी.

पुढचा टप्पा: सम्पच्या काठाखाली 3 सेंमीवर फ्लोट स्विच आणि सेलवर वाजणारा बझर. पाइपाच्या लोखंडी क्लिपा खाऱ्या हवेने गंजल्यात, त्याही तेव्हाच स्टेनलेसच्या घालायच्या आहेत.