लांब गाडी आणि बेताची वाट

दोन दिवसांच्या डोंगरप्रवासासाठी नकाशावर तीन कच्च्या वाटा हेरून ठेवल्या होत्या, आणि त्यांतली सर्वांत देखणी वाट मी निघण्याच्या आदल्या रात्री रद्द केली. माझ्या पिकअपमध्ये बदल दोनच आहेत: ऑल-टेरेन टायर आणि इंजिनाखाली बसवलेला जाड पोलादी पत्रा. बाकी गाडी कंपनीतून आली तशीच आहे. अशा गाडीसाठी वाट निवडताना बहुतेक जण जमिनीपासूनच्या उंचीची चौकशी करतात; मला मात्र आधी लांबीची काळजी वाटते. पुढच्या-मागच्या चाकांत ३.१ मीटर अंतर आणि पोटाखाली २२० मिलिमीटर जागा असेल, तर पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन भूमितीनेच सुमारे १६ अंशांवर थांबतो. तेवढ्याच उंचीच्या, पण चाकांत २.४ मीटर अंतर असलेल्या आखूड जीपला तो जवळपास २१ अंश मिळतो. ‘जीप आरामात जाते’ ही शिफारस म्हणूनच माझ्या कामाची नसते. रद्द केलेल्या वाटेवर एका बाजूला दरी होती आणि अडलो तर गाडी वळवायला कुठेही जागा नव्हती.

निवडलेली वाट लांबची, पण ठिकठिकाणी मोकळवण असलेली होती. डांबरी रस्ता संपताच टायरमधली हवा ३५ वरून २२ पीएसआयवर आणली. रिकाम्या हौद्यामुळे मागचे स्प्रिंगचे पाटे फार उसळतात, म्हणून पाण्याचे कॅन केबिनला खेटून बांधले होते.

पहिली खरी परीक्षा ओढ्यावर झाली. मी काठीने तळ चाचपत पलीकडे जाऊन आलो. पाणी गुडघ्याच्या खालीच होते. लो रेंज (चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकून, पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या मित्राच्या हाताकडे पाहत गाडी पाण्यातून सहज काढली, पण पुढची चाके काठ चढू लागली तशी मागून खरवडल्याचा आवाज आला. मागच्या चाकांपलीकडे लोंबणारा लांबलचक भाग खाली टेकला होता आणि टोइंग हूकने ओल्या मातीत दोन बोटे खोल चर पाडली होती. काठ तिरका चढावा, तर एक चाक अधांतरी होण्याची भीती. दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरायला लावणारा डिफरेन्शिअल लॉक नसल्याने सगळा जोर त्याच चाकाच्या फिरण्यात वाया गेला असता. शेवटी मागच्या चाकांच्या मार्गात चपटे दगड रचले, शेपटी तेवढी उचलली गेली आणि गाडी सरळच वर आली. या खटाटोपात पाऊण तास गेला.

दुपारी वाटेत खडकाची एक पायरी आडवी आली. तिच्या कडेला हात लावून मी अंदाज घेतला: चाक चढले असते, पण दाराखालचे पायदान नक्की वाकले असते. दोनशे पावले मागे मोकळवण होती. तिथपर्यंत गाडी रिव्हर्समध्ये नेली, वळवली आणि परतलो. मित्र जरा हिरमुसला.

घरी आल्यावर मी दोन्ही पायदाने काढून टाकली. तशीही ती दिसण्यापुरतीच होती.