किंडर स्काउट: शिखर नसलेल्या डोंगरावर पाऊल कुठे टाकायचं

मँचेस्टरहून शेफील्डला जाणाऱ्या गाडीतून ईडेलला उतरलं की समोर डोंगर दिसतो, पण टोक कुठेच दिसत नाही. वर नुसती एक लांबच लांब आडवी रेघ. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड पाहिलेल्या डोळ्यांना पहिल्या नजरेत हा डोंगर वाटतच नाही. पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातली सर्वांत उंच जागा मात्र हीच, किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर. इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना पहिला मोठा ट्रेक म्हणून आम्ही हाच सुचवतो. गाडीची गरज नाही: मँचेस्टरहून पाऊण तास, शेफील्डहून अर्ध्या तासाच्या आसपास.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शिखर गाठायचं म्हणून इथे येऊ नका. ६३६ मीटरची ती जागा पठाराच्या मधोमध दलदलीत आहे. तिथे मंदिर नाही, झेंडा नाही, आणि चहूबाजूंनी सपाट असल्यामुळे नजाराही नाही. किंडरचं सगळं वैभव त्याच्या कडेला आहे. कड्याकड्यानं चाललात तर हा डोंगर एका दिवसात खूप काही देतो. मधून आडवं जायला गेलात तर बऱ्याचदा चिखल आणि धुकंच वाट्याला येतं.

वाट अशी. स्टेशनबाहेर पडून उजवीकडे गावात चढत जा. चर्च मागे टाकलं की नॅग्ज हेड नावाचा जुना पब लागतो. इथूनच पेनाइन वे सुरू होतो. १९६५ साली खुली झालेली ही इंग्लंडची पहिली राष्ट्रीय पायवाट, थेट स्कॉटलंडमधल्या कर्क येथोमपर्यंत, ४३१ किलोमीटर. पबासमोरून डावीकडे निघणारी वाट धरा आणि कुरणांतून अपर बूथ नावाच्या वाडीला पोहोचा. पुढे ली फार्म, मग ओढ्यावरचा एक छोटा दगडी पूल. या पुलावरून पूर्वी ओझ्याची तट्टं जायची. पुलापलीकडे जेकब्स लॅडर: दगडी पायऱ्यांचा खडा चढ. जेकब मार्शल नावाचा अठराव्या शतकातला शेतकरी, त्याच्या नावानं ही शिडी ओळखली जाते. तट्टं नागमोडी वाटेनं वर यायची आणि तो सरळ चढून आधी पोहोचायचा, अशी गोष्ट सांगतात. आजही दोन्ही वाटा आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर डावीकडची तट्टांची वाट घ्या, वेळेत फारसा फरक पडत नाही.

चढ संपला की सरळ वाट पलीकडच्या हेफील्ड गावाकडे उतरते. तुम्ही उजवीकडे वळून किंडर लोकडे जायचं. तिथे ६३३ मीटरवर एका कातळावर पांढरा मोजणीचा खांब उभा आहे. फोटो काढायचा तर इथे काढा. मग थोडं मागे वळून दक्षिण कडा धरायचा आणि पूर्वेला निघायचं: नो स्टूल, पिम चेअर, वूलपॅक्स, क्राउडन टॉवर आणि शेवटी ग्राइंड्सलो नोल. तिथून खाली थेट ईडेल. एकूण १२-१३ किलोमीटर चाल आणि साधारण ४५० मीटर चढ.

वेळेचा हिशेब इथले लोक १८९२ सालच्या नेस्मिथच्या नियमानं करतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या नियमानं ही फेरी साडेतीन तासांत बसते. किंडरवर मात्र चिखल, वारा आणि डबा खाणं धरून पाच ते सहा तास मोजा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा काळजी नाही. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, आणि दुपारी बाराला निघालेली माणसं अडकतात ती याच हिशेबात. हिवाळ्यात नऊच्या आत स्टेशन सोडा, आणि टॉर्च मोबाइलचा नको, डोक्याला लावायचा वेगळा घ्या.

दक्षिण कड्यावरचे दगड हे किंडरचं पहिलं सुख. आपला सह्याद्री म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. इथला दगड साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूचा आहे. वूलपॅक्सपाशी एखाद्या दगडाला नाक लावून पाहा. भरड वाळूचे कण सुटे दिसतात, मध्येच हरभऱ्याएवढा पांढरा गारगोटीचा खडा रुतलेला असतो, आणि तिरके थर दिसतात. पाणी कुठल्या बाजूला वाहत होतं ते या थरांवरून अजून वाचता येतं. थंडी-वाऱ्यानं मऊ थर आधी झिजले, कठीण मागे राहिले, म्हणून लोकरीच्या गासड्या, खुर्च्या, ऐरणी असे आकार तयार झाले. बुटाला हा दगड सॅंडपेपरसारखा धरतो, ओला असला तरी. भर पावसात आपल्या घाटवाटांवर घसरलेल्यांना याचं अप्रूप वाटेल. फक्त हिरवी बुरशी चढलेला दगड टाळा. याच दगडाची दळायची जाती पूर्वी घडवली जायची. आसपासच्या कड्यांखाली अर्धवट टाकून दिलेली जाती आजही पडलेली आहेत, आणि जातं हेच या राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह आहे.

दुसरं सुख पायाखालचं, आणि त्याची ओळख करून घ्यायला वेळ लागतो. या पठाराला मूर म्हणतात. वरचा थर मातीचा नसून पीटचा असतो. पावसानं कायम ओल्या राहणाऱ्या जमिनीत मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत, एकावर एक साचत जातात. वाढ वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. काही ठिकाणी हा थर दोन-चार मीटर खोल आहे, म्हणजे तुम्ही काही हजार वर्षांच्या साठ्यावर चालत असता.

यावर पाऊल टाकायचं ते रंग वाचून. जांभळट तपकिरी झुडूप म्हणजे हेदर, त्याखाली जमीन बऱ्यापैकी घट्ट असते. बिलबेरीची चमकदार बुटकी पानं दिसली तर आणखी निर्धास्त व्हा. जुलै-ऑगस्टमध्ये तिला करवंदाहून लहान, निळसर काळी फळं येतात आणि जांभळं खाल्ल्यासारखी जीभ रंगते. सावरीच्या कापसासारखे पांढरे झुपके डुलताना दिसले तर ते कॉटनग्रास. मे-जूनमध्ये ते फार देखणं दिसतं, पण खाली पाणी आहे याची ती खूण. पाय टाकायचाच तर गवताच्या गड्ड्यावर टाका, दोन गड्ड्यांच्या मधे नको. आणि पोपटी, गालिच्यासारखा मऊ, सर्वांत सुंदर दिसणारा तुकडा असेल तर तिथे पाय अजिबात नको. ते स्फॅग्नम नावाचं शेवाळ. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवू शकतं. हलकेच बोटानं दाबा, स्पंजातून यावं तसं पाणी वर येतं. पाय ठेवलात तर गुडघ्यापर्यंत आत. शिवाय ते तुडवू नये याला दुसरंही कारण आहे.

उघडा काळा पीट हा या डोंगराचा घाव आहे. औद्योगिक क्रांतीनंतर दीडशेहून अधिक वर्षं मँचेस्टर आणि शेफील्डच्या धुराड्यांमधलं आम्ल पावसातून इथे उतरलं आणि स्फॅग्नम मेलं. त्यात मेंढ्यांची अति चराई आणि वणवे. वरचं पांघरूण गेल्यावर पाऊस पीट कापत गेला आणि पठारभर दोन-तीन मीटर खोल घळी पडल्या. यात आपलाही एक धागा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर चालल्या, आणि त्यात वऱ्हाड-खानदेशचा कापूस होता. त्या गिरण्या पुढे बंद पडल्या, पाडल्या गेल्या, आणि त्यांच्या जमिनीच्या दगडी फरशा हेलिकॉप्टरनं उचलून पेनाइन वेवर अंथरल्या. चालताना खाली बघा. काही फरशांना यंत्र बसवायची भोकं आणि खाचा अजून आहेत. ज्या धुरानं डोंगर पोळला, त्याच गिरण्यांच्या फरशा आज त्याला पायांपासून वाचवतात, हे आम्हाला दर वेळी थांबून पाहावंसं वाटतं.

दुरुस्ती कशी चालते तेही वाटेवर दिसतं. आधी घळींमध्ये दगडांचे किंवा लाकडी बांध घालायचे, म्हणजे पाणी थांबतं आणि वाहून येणारा पीट त्यामागे साचतो. उघड्या जमिनीवर हेदरच्या कापलेल्या फांद्या पसरायच्या, चुना आणि खत देऊन आम्ल कमी करायचं, झटपट वाढणारं गवत पेरून माती धरायची. शेवटी स्फॅग्नमचे छोटे गोळे हातानं एकेक लावायचे. ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ ही भागीदारी २००३ पासून या भागात हे काम करते आहे. किंडरची मालकी १९८२ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि २००९ मध्ये हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं. वीस वर्षांपूर्वी काळंभोर दिसणारं पठार आज बऱ्याच ठिकाणी हिरवं दिसतं. म्हणून बांधावरून चालू नका, आणि वाटेवर डबकं असलं तरी त्यातूनच जा. प्रत्येकानं बाजूनं वळसा घातला की एक मीटरची वाट दहा मीटर रुंद होते.

आता धुक्याविषयी. खाली ईडेलला ऊन असताना वर पंधरा पावलांपलीकडचं दिसेनासं होणं इथे नेहमीचं आहे. मोबाइलचा नकाशा थंडीत बॅटरीसकट बंद पडतो, आणि रेंज जागोजागी जाते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल १ हा कागदी नकाशा, डार्क पीक भागाचा, आणि होकायंत्र जवळ ठेवा. घळींमध्ये दिशा का चुकते ते समजून घ्या. तुम्ही सरळ चालू पाहता, घळ तुम्हाला वळवते, बाहेर चढता तेव्हा तोंड भलतीकडे असतं आणि प्रत्येक घळ आधीच्या घळीसारखीच दिसते. उपाय एकच: होकायंत्राच्या दिशेत वीस-तीस मीटरवरचा एक दगड हेरायचा, घळ कशीही ओलांडून त्याच दगडापाशी पोहोचायचं, मग पुढचा दगड. पुरतं हरवलात तर दक्षिण धरा. दक्षिण कड्याची वाट आडवी येईल, आणि उतार एका हाताला ठेवून ती सोडायची नाही. कुठल्याही ओढ्यामागे उतरू नका. इथले ओढे अरुंद खडकाळ नाळांतून कोसळतात. संकटात ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. रेंज नसेल तर शिटीचे मिनिटाला सहा आवाज, एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

कपड्यांत जीन्स नको. सुती कापड भिजलं की अंगातली ऊब शोषून घेतं आणि वाळत नाही. वर तापमान गावापेक्षा तीनेक अंशांनी कमी असतं, पण खरा मार वाऱ्याचा. पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट, घोट्यापर्यंतचे बूट, मोज्यांचा जादा जोड, टोपी, हातमोजे, ही यादी जुलैमध्येसुद्धा. छत्रीचा काही उपयोग नाही. ओढ्याचं पाणी पीटमुळे कोऱ्या चहासारखं दिसतं, ते तसंच पिऊ नका. दीड-दोन लिटर खालून न्या.

हेदर फुलतो ऑगस्टमध्ये, आणि कासचं पठार ज्यांना आवडतं त्यांनी हे आठवडे चुकवू नयेत. फरक इतकाच की कासला रंगांची गर्दी असते, इथे मैलोन्‌मैल एकच जांभळा. वसंतात गोल्डन प्लोव्हरची एकसुरी शीळ ऐकू येते, आणि पायाजवळून एकदम उडणारा ग्राउस ‘गो-बॅक, गो-बॅक’ असा ओरडतो. ही पाखरं जमिनीवरच घरटी करतात, म्हणून १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीलाच हवा. जानेवारीत पांढरे डोंगरी ससे दिसतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आणलेले हे ससे बर्फ नसेल तर काळ्या पीटवर लांबूनच नजरेत भरतात. कडक थंडीत चिखल गोठतो, आणि खरं सांगायचं तर चालायला तेव्हा सर्वांत सोपं जातं. शेगडी, बार्बेक्यू मात्र कोणत्याच ऋतूत नको, कारण सुकलेला पीट आतल्या आत जळत राहतो.

इथे मोकळेपणानं चालता येतं तेही आपसूक मिळालेलं नाही. पूर्वी हे पठार ग्राउसच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, आणि सामान्य माणसाला बंद. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातले शेकडो कामगार हेफील्डजवळच्या बोडन ब्रिज खाणीपाशी जमले आणि बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकारानं वर चढले. राखणदारांशी झटापट झाली, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००० च्या कायद्यानं अशा मोकळ्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. २००२ मध्ये, त्या चढाईला सत्तर वर्षं झाली तेव्हा, डेव्हनशरच्या ड्यूकनं तेव्हा या जमिनीचे मालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल त्याच ठिकाणी जाहीर माफी मागितली.

अंगात दम आणि हातात दोन तास जास्त असतील तर किंडर लोवरून उत्तरेला पेनाइन वेनं किंडर डाउनफॉलपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर वाढतात. हा तीस मीटरचा धबधबा. कोरड्या महिन्यात नुसती ओली रेघ असते, तेव्हा निराश व्हाल. दोन दिवस पाऊस पडून पश्चिमेचा जोराचा वारा सुटला असेल तर मात्र पाणी खाली पोहोचतच नाही. वारा ते कड्यावरून उलटं वर फेकतो, आणि पांढरा फवारा पठारावर मागे येऊन तुम्हाला भिजवतो. नाणेघाटाजवळचा उलटा धबधबा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. अशा दिवशी कड्यापासून चार पावलं मागेच उभे राहा, कारण वारा थांबतो तोही एकाएकी.

ग्राइंड्सलो नोलवरून उतरताना वाट फार तीव्र आहे, काठी असेल तर इथे काढा. खाली कुरणांत मेंढ्या असतात. जे फाटक बंद होतं ते बंद करा, उघडं होतं ते उघडंच ठेवा. परतीची गाडी साधारण तासाला एक असते, म्हणून शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच पाहून ठेवा.