पेशीत दडलेला जीवाणू प्रकाशात आणताना: माझा अनुभव

साल्मोनेला हा जीवाणू मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जीवाणू गिळून नष्ट करणे हेच जिचे काम आहे त्या पेशीत, शिरूनही तग कसा धरतो, हे मला जाणून घ्यायचे होते. पेशी फोडून आतले जीवाणू आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरले आणि उगवलेल्या वसाहती मोजल्या, की एकूण संख्या कळते. पण एका पेशीत जीवाणू वाढत असताना शेजारच्या पेशीत तो नुसता पडून आहे का, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी एकेक जीवाणू वेगळा दिसायला हवा होता, म्हणून मी प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश टाकला की वेगळ्या रंगात चमकणाऱ्या, प्रथिनांकडे वळले.

हिरवे प्रतिदीप्त प्रथिन, म्हणजे जीएफपी, ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशपासून वेगळे केले आणि १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांच्या गटाने ते ई. कोलाय या जीवाणूमध्येही चमकते हे दाखवले. या प्रथिनाचे मोठेपण असे की, त्याचे जनुक जीवाणूला दिले की पुढचे काम ते स्वतःच करते. बाहेरून रंग घालावा लागत नाही, फक्त ऑक्सिजन लागतो.

हे जनुक प्लाझ्मिडवरून, म्हणजे जीवाणूतल्या सुट्या डीएनएच्या कड्यावरून, दिले; त्याच कड्यावर प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुकही असते. तेव्हा दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही असे मी ठरवले होते. पहिली म्हणजे, या प्रथिनाच्या ओझ्याने जीवाणूची वाढ मंदावत नाही ना. कारण मंदावलेला जीवाणू पेशीतही वेगळाच वागेल. दुसरी म्हणजे, पेशीच्या आत प्रतिजैविकाचा धाक पुरेसा पोहोचत नसल्यामुळे जीवाणू हा प्लाझ्मिड टाकून तर देत नाही ना. संसर्गानंतर मिळालेले जीवाणू प्रतिजैविक असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही आगरांवर वाढवले आणि वसाहती जवळजवळ सारख्या आल्या, तेव्हाच मी सूक्ष्मदर्शकाकडे गेले.

संसर्गाची पद्धत सर्वपरिचित आहे: जीवाणू मॅक्रोफेजवर सोडायचे, थोड्या वेळाने धुवायचे आणि जेंटामायसिन घालायचे. हे प्रतिजैविक पेशीत फारसे शिरत नाही, त्यामुळे बाहेरचे जीवाणू मरतात आणि आतले वाचतात. मात्र मेलेला जीवाणू पेशीला बाहेरून चिकटून राहिला, तर तोही काही काळ हिरवाच दिसतो. म्हणून पेशीच्या पटलाला छिद्रे पाडण्यापूर्वीच साल्मोनेलाविरुद्धच्या प्रतिपिंडाने बाहेरच्या जीवाणूंना दुसरा रंग दिला. ज्यांना तो रंग लागला नाही, तेच आतले मानले.

खरी परीक्षा आम्लतेची होती. साल्मोनेला मॅक्रोफेजमधल्या ज्या रिक्तिकेत, म्हणजे पटलाने वेढलेल्या पिशवीत, राहतो, तिचा पीएच ५ किंवा त्याहूनही खाली जातो आणि त्याचा परिणाम जीवाणूच्या स्वतःच्या पेशीद्रवावरही होतो. जीएफपीची सुधारित रूपे पीएच ६ च्या आसपास निम्मी चमक गमावतात. जिवंत पेशींमध्ये फिकट दिसणारे जीवाणू, नमुना रसायनाने स्थिर करून तटस्थ बफरमध्ये, म्हणजे पीएच कायम राखणाऱ्या द्रावणात, घेतल्यावर पुन्हा ठळक झालेले मी पाहिले, तेव्हा हिरवा रंग मंदावणे म्हणजे जीवाणू मरणे नव्हे, हे माझ्या मनावर पक्के ठसले. त्यानंतर जीवाणूची कायमची ओळख मी एमचेरी या लाल प्रथिनावर सोपवली. ते आम्लात बरेच टिकते, शिवाय मॅक्रोफेजची स्वतःची प्रतिदीप्तीही लाल पट्ट्यात कमी असते.

तरीही लाल ठिपका एवढेच सांगतो की जीवाणू येथे आहे. तो वाढतो आहे का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर देणारी, मला अतिशय सुंदर वाटलेली पद्धत २०१० मध्ये सोफी हेलेन, डेव्हिड होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिच्या मी वापरलेल्या रूपात एमचेरी सतत तयार होत राहते, तर जीएफपी अरॅबिनोज ही शर्करा असेपर्यंतच तयार होते. संसर्गापूर्वी जीवाणू अरॅबिनोजमध्ये वाढवून हिरवे करायचे आणि संसर्गाच्या वेळी ती शर्करा काढून घ्यायची. त्यानंतर प्रत्येक विभाजनात असलेले जीएफपी दोन पिल्लांत वाटले जाते आणि हिरवी चमक निम्मी होते. न विभागलेला जीवाणू मात्र होता तसाच हिरवा राहतो.

मोजणी करताना मॅक्रोफेज सौम्य डिटर्जंटने फोडून जीवाणू तटस्थ बफरमध्ये घेतले, त्यामुळे आम्लतेचा प्रश्न उरला नाही, आणि मग ते फ्लो सायटोमीटरमधून, म्हणजे एकेका जीवाणूची चमक मोजणाऱ्या यंत्रातून, पाठवले. आधी लाल ठिपके निवडून पेशींचा चुरा बाजूला काढला आणि त्या लाल गटातली हिरवी चमक पाहिली. रात्रभराच्या संसर्गानंतर आलेखावर बहुतेक जीवाणू डावीकडे, म्हणजे फिकट बाजूला, सरकले होते; पण उजवीकडे, सुरुवातीच्या चमकेपाशीच, एक छोटे आणि स्पष्ट शिखर उभे होते.

हे शिखर मेलेल्या जीवाणूंचेही असू शकते. जीएफपी इतके टिकाऊ आहे की मृत जीवाणूतही ते बराच काळ राहते, त्यामुळे केवळ चमकेवरून निष्कर्ष काढणे मला मान्य नव्हते. म्हणून त्या शिखरातले जीवाणू सॉर्टरने, म्हणजे चमकेनुसार वेचणाऱ्या यंत्राने, वेगळे केले आणि ताज्या आगरवर पसरले. सगळे नाही, पण त्यांतले काही उगवले. म्हणजे मॅक्रोफेजच्या आत न विभागता, जिवंत राहिलेले जीवाणू त्या गटात होते. वाढणाऱ्या जीवाणूंवरच परिणाम करणारी प्रतिजैविके याच गटाला सोडून देतात का, हे आता सेफोटॅक्झिम हे तसलेच प्रतिजैविक देऊन मी तपासते आहे.