चौथ्या दिवशीचा फोन

मुरुमांच्या खड्ड्यांवर लेझर करून हवे म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी त्याच्या कामाचे तास विचारते, कारण चेहऱ्यावर उपचार होतो अर्ध्या तासात, पण त्यानंतरचे दोन-तीन महिने तो चेहरा किती वेळ उन्हात राहणार यावर निम्मा निकाल अवलंबून असतो. सांगलीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. ज्या तरुणाची हकिकत मी सांगणार आहे तो तासगाव भागातला द्राक्षबागायतदार. लग्नाच्या बोलण्यांत दोनदा त्याच्या चेहऱ्याचा विषय निघाला होता आणि म्हणून त्याला एप्रिलमध्येच लेझर करून हवे होते. एप्रिल म्हणजे खरड छाटणीचा हंगाम, दिवसभर बागेत उभे राहायचे. मी नकार दिला आणि आम्ही दोघांनी मिळून बागेचे वेळापत्रक समोर ठेवले. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारण्यांचा धडाका सुरू होतो, तेव्हा तेही शक्य नव्हते. आभाळ भरलेले असते आणि बागेचे काम त्यातल्या त्यात हलके असते असे जुलै-ऑगस्टचे दिवस तेवढे उरले, आणि जुलै ठरला.

खड्डे कानशिलापासून जबड्यापर्यंत होते आणि ते एका जातीचे नव्हते. सुईने टोचल्यासारखे अरुंद व खोल, उभ्या कडांचे उथळ चौकोनी, आणि बाजूने उजेड टाकला की लाटांसारखे दिसणारे पसरट, असे तिन्ही प्रकार एकाच गालावर होते. लेझरने सगळेच सपाट होईल अशी रुग्णांची समजूत असते आणि जाहिराती ती दूर करत नाहीत. प्रत्यक्षात अरुंद खोल खड्ड्याच्या तळापर्यंत लेझर नीट पोचत नाही. त्यात टोकदार काडीने तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब टाकावा लागतो. पसरट खड्डे खालच्या तंतूंनी आत ओढून धरलेले असतात, ते तंतू सुईने आधी मोकळे करावे लागतात. ही दोन्ही कामे जूनअखेरपर्यंत उरकली. लेझर राहिला होता तो वरच्या कडा बोथट करण्यासाठी आणि खाली नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, तयार व्हावे म्हणून.

आता आमच्या व्यवसायातली खरी अडचण. त्वचेच्या रंगाची जी प्रतवारी आम्ही रोज वापरतो ती 1975 मध्ये हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी मांडली आणि तिच्या मूळ रूपात गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार तिला नंतर जोडले गेले. आपल्याकडचे बहुतेक चेहरे चौथ्या आणि पाचव्या प्रकारात बसतात. अशा त्वचेला कसलीही इजा झाली, मग ती डास चावल्याची का असेना, की रंगपेशी चेततात आणि मागे काळा डाग ठेवतात. 1990 च्या दशकात कार्बन डायऑक्साइड लेझरने चेहऱ्याचा संपूर्ण वरचा थर काढत, ते गोऱ्या त्वचेवरही जोखमीचे होते आणि आपल्या त्वचेवर तर फारच. 2004 मध्ये किरण ठिपक्याठिपक्यांनी सोडण्याची पद्धत मांडली गेली, ज्यात प्रत्येक सूक्ष्म छिद्राभोवती निरोगी त्वचा शिल्लक राहते आणि तीच कडेने सरकत छिद्र भरून काढते. त्यामुळे आमच्यासारख्यांना हे यंत्र हातात धरण्याचे धाडस झाले. तरीही माझा नियम कायम आहे. खोली हवी तर किरणाची ऊर्जा थोडी वाढवावी, पण ठिपके एकमेकांजवळ आणू नयेत, कारण काळवंडण्याचा धोका ठिपक्यांच्या दाटीने जास्त वाढतो. परदेशी कंपनीच्या तक्त्यातले आकडे मी क्वचितच जसेच्या तसे वापरते.

तयारी नेहमीप्रमाणे झाली. जबड्याखाली कोपऱ्यात चार आठवडे आधी चाचणीचा ठिपका घेतला होता आणि तो स्वच्छ भरला होता. मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या थांबवून वर्ष उलटले होते. छातीवर किंवा खांद्यावर जाड वाढलेले व्रण नव्हते. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठतो का, असे विचारले तेव्हा त्याने ठामपणे नाही म्हटले. हे उत्तर मी ऐकते आणि लिहून ठेवते, पण त्यावर विसंबत नाही. हर्पिस सिम्प्लेक्सचा विषाणू असंख्य लोकांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत लहानपणापासून मुकाट पडून असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. लेझरची उष्णता त्याला जागे करू शकते. म्हणून पूर्ण चेहऱ्यावर लेझर करायचे असेल तर मी सगळ्यांनाच ॲसिक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आदल्या दिवसापासून त्वचा भरेपर्यंत, लिहून देते.

त्या दिवशी तो सकाळीच आला, दाढी घोटून, सोबत आई. लिडोकेन आणि प्रिलोकेनचे सुन्न करणारे मलम चेहऱ्यावर जाड थापून, वर पातळ प्लास्टिक लावून तासभर बसवावे लागते. त्या वेळात माणसे घाबरतात, म्हणून मी काहीबाही बोलत राहते. त्याने यंत्र कोणत्या देशाचे असे विचारले. यंत्र परदेशी होते, पण हा कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये ज्यांनी शोधला ते कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि शिकलेले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, असे मी सांगितले. प्लास्टिकखालून तो म्हणाला, "बारामतीचा माणूस म्हणजे काम पक्कं असणार." आई मात्र हसली नाही. तिचे लक्ष यंत्राच्या लांब हाताकडे होते.

काम सुरू करण्यापूर्वी स्पिरिटची बाटली खोलीबाहेर जाते, केसांभोवती ओला टॉवेल गुंडाळला जातो, डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसतात आणि धूर खेचणारी नळी चेहऱ्याजवळ येते. या किरणाची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर असते, ती पाण्यात शोषली जाते आणि त्वचेतले पाणी क्षणात वाफ होऊन उडते. प्रत्येक ठशाला बारीक तडतड आवाज होतो, आणि नळी कितीही ओढत असली तरी केस जळल्याचा वास खोलीत राहतोच. गालावर करड्या टिंबांची आखीव जाळी उमटत जाते. कपाळ आणि वरचा ओठ मी हलक्या मात्रेवर घेतले. तो एकदाच मूठ आवळून म्हणाला, "मॅडम, नाकाजवळ जरा दमानं." वीस मिनिटांत चेहरा पूर्ण झाला आणि थंड सलाइनच्या पट्ट्या लागल्या.

घरी जाताना मी सूचना आईला दिल्या, कारण घरात राज्य तिचे होते. दिवसातून चार-पाच वेळा सलाइनच्या ओल्या पट्ट्या, त्यानंतर साधी व्हॅसलीन जाड थरात, खपली सुकू द्यायची नाही आणि काढायची तर नाहीच. हळद, कोरफड, दुधाची साय, औषधाच्या दुकानातले कुठलेही ट्यूब, यांतले काहीही लावायचे नाही. दोन रात्री उशी उंच. गोळ्या एकही चुकवायची नाही. सूज दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसेल, जळजळ तिसऱ्या दिवशी ओसरेल आणि पाचव्या-सहाव्या दिवशी कॉफीच्या भुकटीसारखे कण धुताना पडू लागतील, हेही सांगितले. शेवटी म्हणाले, "मावशी, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर मला लगेच फोन करायचा. किती वाजलेत ते बघायचं नाही."

फोन चौथ्या दिवशी पहाटे आला. "मॅडम, पोराला नागीण निघालीया. वरचा ओठ पार भरलाय. शेजारची म्हातारी म्हणती काव लावा, मी काय हात लावू दिला नाही." मागे तो स्वतः कण्हत होता. आदल्या दिवशी चेहरा उतरत होता, रात्री एका बाजूला ठणका लागला आणि झोप गेली. मी व्हॅसलीनचा थरही न काढता त्यांना तसेच यायला सांगितले.

दवाखान्यात प्रकाशाखाली चेहरा पाहिला. डावा गाल आणि कपाळ ठरल्याप्रमाणे भरत होते, बोटाला खरखरीत लागत होते. उजव्या बाजूला वरच्या ओठापासून हनुवटीपर्यंत आणि गालाच्या एका पट्ट्यात मात्र छेदकाने काढल्यासारखे गोल, उथळ, लालबुंद जखमा होत्या, काही एकमेकांत मिसळलेल्या. लेझर केलेल्या चेहऱ्यावर हर्पिस असाच येतो. वरचा थर आधीच गेलेला असल्यामुळे टपोरे पाणीदार फोड फारसे दिसत नाहीत, आणि ज्याने ते शोधले त्याचे निदान चुकते. जंतुसंसर्ग असता तर पिवळसर खपली किंवा पू दिसला असता, बुरशी असती तर खाज जास्त असती. हनुवटीच्या कडेला एक शाबूत फोड सापडला. त्याचे छत उघडून तळ हलकेच खरवडला, काचपट्टीवर पसरून गीम्सा नावाच्या रंगाने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीत गर्दी करून बसलेली अनेक केंद्रके दिसली. या चाचणीतून हर्पिस सिम्प्लेक्स की नागिणीचा विषाणू हे वेगळे कळत नाही, दोन्ही एकाच कुळातले. पण लेझरच्या चौथ्या दिवशी, तोंडाभोवती, शंकेला फारशी जागा नव्हती. जंतूंसाठी नमुना तरीही पाठवला, कारण उघड्या त्वचेवर दोन पाहुणे एकत्र येऊ शकतात.

आईला नागिणीची भीती होती, तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस वाचत नाही ही. गावाकडे ती अजून जिवंत आहे आणि तिची टिंगल करून काही साधत नाही. मी काचपट्टी तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावली. तिला काय दिसले कोण जाणे, पण गोळ्यांनी हे थांबते यावर तिचा विश्वास बसला. गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा तिने पिशवीतून पाकीट काढले. त्यातल्या बहुतेक गोळ्या जागच्या जागी होत्या. दुसऱ्या दिवशी पोटात मळमळले म्हणून त्याने ती औषधे आपणहून बंद केली होती. "दुखणं तर कमी झालं होतं, म्हटलं आता कशाला," असे तो खाली बघून म्हणाला. मी रागावले नाही. चेहरा बरा होताना दिसत असला की औषध अनावश्यक वाटते, आणि हे काय थोपवण्यासाठी आहे ते डोळ्याला दिसत नाही.

त्याच तासात विषाणूविरोधी औषध पूर्ण उपचाराच्या मात्रेत सुरू केले, सोबत मळमळीसाठी गोळी दिली. गालावरचा पट्टा डोळ्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचत होता, म्हणून दुपारच्या आत मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी रंग टाकून बुबुळ तपासले आणि विषाणूची फांदीसारखी जखम नसल्याचे कळवले, तेव्हा कुठे मी जेवले. पुढचे दोन दिवस कठीण गेले. एक-दोन नव्या जखमा उठल्या, ताप आला, गळ्यातल्या गाठी सुजल्या. त्यानंतर ठणका उतरला आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत ती बाजूही भरली. जंतूंची तपासणी निर्मळ आली. अशा संसर्गाने कायमचे व्रण राहू शकतात, आणि ज्या माणसाने व्रण घालवण्यासाठी लेझर केला त्याला नवे व्रण मिळणे यापेक्षा वाईट निकाल आमच्या कामात नाही. त्याच्या बाबतीत हनुवटीवर दोन बारीक खुणा राहिल्या, दाढीत लपणाऱ्या.

काळवंडणे मात्र चुकले नाही. चौथ्या आठवड्यात उजव्या गालावर तपकिरी छटा आली आणि जिथे संसर्ग झाला होता तिथे ती गडद होती. तो घाबरला, मी घाबरले नाही, कारण हा रंग वरच्या थरात असतो आणि महिन्यांच्या हिशेबाने उतरतो. अझेलाइक ॲसिडचे मलम सुरू केले. सनस्क्रीन रंगछटेचे दिले. आपल्या त्वचेला अतिनील किरणांइतकाच डोळ्याला दिसणारा प्रकाशही काळे करतो आणि तो अडवायला त्यातले लोहाचे ऑक्साइड कामी येते. बागेत जाणारा पुरुष तोंडाला रंग लावून फिरणार नाही अशी मला शंका होती. त्याने उलट सांगितले, की सनस्क्रीनवर मोठी टोपी आणि उपरणे घेतले की कोणाला काही कळत नाही. गोडी छाटणीनंतर फवारणीच्या वेळी पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा वापरायचे त्याने कबूल केले. तसा तो एरवीही वापरायला हवा होता, त्वचेचा प्रश्न नसता तरी.

नवे कोलॅजन तीन ते सहा महिने तयार होत राहते, म्हणून फोटोंची तुलना मी जानेवारीपर्यंत लांबवली. त्याच खुर्चीत, त्याच बाजूच्या उजेडात घेतलेल्या फोटोंत डाव्या गालावरचे चौकोनी खड्डे स्पष्ट उथळ झालेले दिसले, लाटा बऱ्याच मिटल्या होत्या आणि अरुंद खड्ड्यांपैकी काही तसेच होते. उजवी बाजू थोडी मागे होती. त्वचा कोरी होणार नाही हे मी पहिल्या भेटीत सांगितले होते, तरी आरशात त्याने आधी उरलेलेच खड्डे मोजले. आई म्हणाली, "लांबून बघ की."

लग्न मे महिन्यात ठरले आणि त्याआधी आणखी एकदा लेझर करून द्या असा आग्रह सुरू झाला. मी नाही म्हटले. रंग अजून पूर्ण उतरला नव्हता, उन्हाळा तोंडावर होता आणि हळद लागलेल्या चेहऱ्यावर लेझरच्या खपल्या मला नको होत्या. दुसरे सत्र पावसाळ्यावर टाकले आहे, मात्रा पहिल्यापेक्षा कमी, उजवी बाजू वगळून. विषाणूविरोधी गोळ्या या वेळी दोन दिवस आधीपासून आणि पूर्ण चौदा दिवस चालतील, आणि पाकीट आईच्या ताब्यात राहील, ही अट तिनेच घातली आहे.