१२६ की ९०? ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन

टायट्रेशन म्हणजे दोन द्रावणं थेंबाथेंबानं मिसळून एकाच्या माहीत तीव्रतेवरून दुसऱ्याची काढणं. इथे ऑक्झॅलिक आम्लावरून सोडिअम हायड्रॉक्साइडची काढायची आहे. ऑक्झॅलिक आम्लाच्या बाटलीवर रेणुभार १२६.०७ छापलेला असतो आणि वहीत सूत्रावरून बेरीज केली की येतात ९०. मधले ३६ म्हणजे पाण्याचे दोन रेणू. प्रयोगशाळेतले ते पांढरे स्फटिक स्फटिकजलासकट असतात, म्हणून वजनही पाण्यासकटच धरायचं.

रेणुभाराइतके ग्रॅम म्हणजे एक मोल, आणि लिटरला जितके मोल तितकी मोलॅरिटी. ०.१ मोलर द्रावण २५० मिली हवं, तर ०.०२५ मोल लागतात. ०.०२५ × १२६.०७ = ३.१५ ग्रॅम. ९० धरून २.२५ ग्रॅमच घेतलं की द्रावण होतं ०.०७१ मोलर. चिठ्ठी मात्र ०.१ चीच चिकटते आणि मग हात कितीही साफ असला तरी सोडिअम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी ४० टक्के जास्त निघते.

सोडिअम हायड्रॉक्साइडच का तोलत नाहीत? त्याच्या गोळ्या काट्यावरच ओल धरतात, हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतात. त्या वजनावर भरवसा नाही.

आता गणित. पिपेटनं (ठरावीक माप घेणारी नळी) १० मिली आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (अल्कात गुलाबी होणारं दर्शक), ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेली मापनळी) सोडिअम हायड्रॉक्साइड. रीडिंग १९.८, १९.६, १९.६. स्थिर रीडिंग १९.६ धरा. आम्ल १० × ०.१ = १ मिलिमोल (मोलचा हजारावा भाग). त्याच्या एका रेणूला दोन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणजे अल्क (सोडिअम हायड्रॉक्साइड) २ मिलिमोल. २ ÷ १९.६ = ०.१०२ मोलर. इथे तो दोन विसरला की उत्तर ०.०५१. परीक्षेत गुण इथे जातात.

हातातल्या चुका वेगळ्या. ब्युरेट भरताना त्याच द्रावणानं विसळायची, पण आम्ल ज्यात घेतो तो कोनिकल फ्लास्क फक्त पाण्यानं. आम्लानं विसळला तर आत मोजलेल्यापेक्षा जास्त आम्ल राहतं. तोटीखालच्या टोकात बुडबुडा असेल तर तो मधेच निघतो आणि रीडिंग उगाच वाढतं. वरचं फनेल काढून ठेवा, त्यातून थेंब गळतात. पिपेटच्या टोकात उरलेला थेंब फुंकायचा नाही, तो सोडूनच तिच्यावरची खूण आखलेली असते. आणि गुलाबी रंग अगदी फिकट हवा, अर्धा मिनिट टिकला की पुरे. नंतर तो उडाला तर घाबरून आणखी थेंब घालू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो जातोच.

सरावासाठी: काट्यावर ३.१५ ऐवजी ३.२८ ग्रॅम आलं, तेच विरघळवून २५० मिली केलं. १० मिलीला रीडिंग २०.४. अल्काची मोलॅरिटी किती?

आम्ल ०.१०४ मोलर, म्हणून १.०४ × २ ÷ २०.४ = ०.१०२. बरोब्बर ३.१५ गाठायला चिमटीनं स्फटिक काढत-घालत बसायची गरजच नव्हती.